मामाजींच्या खोलीतलं वाय-फाय

रोज रात्री आठ वाजता पुण्याहून माझ्या नणंदेचा व्हिडिओ कॉल येतो. तिची सात वर्षांची मुलगी आजोबांशी बोलते. शाळेत काय झालं, डब्यात काय होतं, कोण कोणाशी कट्टी आहे, सगळं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, आता एक्याऐंशीचे आहेत. कानाला मशीन आहे. त्यातून आवाज पोचतो, पण शब्द सुटे होत नाहीत. समोरच्याचे ओठ पाहून ते बोलणं ओळखतात. म्हणून साधा फोन त्यांच्या कामाचा नाही. त्यांना चेहरा दिसायला हवा, आणि तोही सलग हलणारा.

एप्रिलच्या मध्यापासून तो चेहरा अडकायला लागला. नात बोलत असायची, आवाज येत असायचा, आणि पडद्यावर तिचं तोंड अर्धवट उघडं तसंच गोठलेलं. आम्हा बाकीच्यांचं तेवढ्यावर भागलं असतं, आवाज तर येतोय ना. मामाजींसाठी चित्र थांबलं म्हणजे बोलणंच थांबलं. काही दिवस ते हसून मान हलवत राहिले. मग एका रात्री त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "मले काही समजून नाही राहिलं. तूच बोल तिच्याशी." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या रात्री मी ठरवलं, हे दुरुस्त करायचंच.

आमचं घर नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकापासून चालत पाच मिनिटांवर. जुनं बांधकाम आहे. समोर बैठक, मग मधली खोली आणि स्वयंपाकघर, मागे मामाजींची खोली, आणि या सगळ्यांना धरून एक लहानसा उघडा चौक. भिंती दीड विटेच्या, काही ठिकाणी त्याहून जाड. राउटर बैठकीत, लाकडी कपाटाच्या डोक्यावर, कारण फायबरची तार रस्त्याकडून तिथेच आत येते. बैठकीची एक खिडकी चौकात उघडते आणि मामाजींच्या खोलीची एकुलती एक खिडकीही चौकातच. हा नकाशा आधीच सांगून ठेवते, पुढे कामाला येईल.

पहिलं काम सगळे करतात तेच केलं. राउटर बंद करून चालू केला, फोनमधून नेटवर्क काढून पुन्हा जोडलं, मामाजींच्या फोनऐवजी माझा फोन त्यांच्या खोलीत नेऊन पाहिला. माझ्या फोनवरही तीच तऱ्हा. म्हणजे फोनचा दोष नाही. २० एप्रिलला तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी फायबरवाला मुलगा आला. चांगला होता, घाईत होता तरी नीट पाहिलं त्यानं. तारेचं हिरवं टोक काढून मीटर लावला आणि मला दाखवला. "पाहा वहिनी, पॉवर मायनस एकवीस येऊन राहिली. मायनस सत्तावीसच्या खाली गेली असती तर मी म्हटलं असतं लाइनमधी गडबड आहे. लाइन तुमची बरोबर आहे जी." मग राउटरशेजारी उभं राहून वेग मोजला. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा, आकडा आला ९४. संध्याकाळी तक्रार मिटल्याचा मेसेज आला आणि रात्री आठ वाजता चित्र पुन्हा गोठलं.

त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. त्यानं त्याच्या हद्दीपर्यंतची लाइन तपासली होती आणि ती खरंच ठीक होती. पण मग बिघाड होता कुठे?

मामाजी तार खात्यात लाइनमन होते. देशातली तार सेवा १४ जुलै २०१३ ला बंद झाली, त्याच्या बरीच वर्षं आधी ते निवृत्त झाले. मी त्यांच्यासमोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं ते एवढंच, "मधात पाहिलं का?" मग समजावून सांगितलं. बिघाड शोधायला पूर्ण लाइन चालत बसायची नाही. मधल्या ठिकाणी जायचं, तिथून इकडे बोलणं होते का पाहायचं, तिकडे होते का पाहायचं. ज्या बाजूनं होत नाही, तिकडेच चालायचं. मग त्या तुकड्याच्या पुन्हा मधात.

आमच्या बाबतीत मधलं ठिकाण म्हणजे राउटर. त्याच्या एका बाजूला बाहेरचं इंटरनेट, दुसऱ्या बाजूला घरातलं वाय-फाय. आपण बोलताना दोन्हीला 'नेट' म्हणतो, तिथेच गोंधळ होतो. माझं काम घरूनच हिशेब आणि जीएसटीची विवरणं भरण्याचं, त्यामुळे लॅपटॉप आहे आणि आकड्यांची भीती नाही. माझ्या मुलानं पिंग कसं करायचं ते दाखवलं. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला एक लहानसा निरोप पाठवायचा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. आधी राउटरला करायचं, आमच्याकडे त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, जसा ८.८.८.८. राउटरचं उत्तर पटकन येतंय आणि बाहेरचं अडकतंय, तर दोष कंपनीच्या लाइनचा. राउटरचंच उत्तर अडखळतंय, तर दोष घरातला.

बैठकीत बसून राउटरला पिंग केलं तर उत्तर २-३ मिलिसेकंदांत. मामाजींच्या पलंगावर बसून केलं तर १८०, मग ६४०, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', मग ९०, मग पुन्हा तेच. एकाच घरातल्या दोन खोल्या. निरोप घराबाहेर पडायच्या आधीच हरवत होता. तेव्हापासून एक वही केली. तारीख, वेळ, जागा, आकडा आणि त्या दिवशी काय बदललं ते. एका दिवशी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. माझ्या धंद्यातली सवय आहे ती; ताळेबंद जुळत नसला आणि चार नोंदी एकदम दुरुस्त केल्या, तर चूक कोणती होती ते कधीच कळत नाही.

वहीत आधी वेगळंच काही दिसलं. दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान नेट पूर्णच जायचं, दीड-दोन मिनिटांनी परत यायचं. राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'अपटाइम' नावाची ओळ असते, यंत्र किती वेळ सलग चालू आहे ते सांगणारी. कोणी हात लावला नसताना तिथे ४१ मिनिटं दिसली. म्हणजे तो आपोआप बंद पडून सुरू होत होता. कपाटावर हात ठेवला तर लाकूडसुद्धा तापलेलं. राउटरच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, चालवायचं तापमान शून्य ते ४० अंश. नागपूरच्या मे महिन्यात ४० अंश म्हणजे सकाळचे साडेदहा. या शहरानं २०१३ च्या मेमध्ये ४७.९ पाहिलेत. छताजवळ गरम हवा साठते आणि तिथेच आम्ही ते यंत्र ठेवलं होतं. त्यात त्याचा ॲडॅप्टर फ्रिजच्याच एक्सटेन्शन बोर्डावर. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की दिवा किंचित मंदावतो, आणि थकलेल्या ॲडॅप्टरला तेवढा झटकाही पुरतो.

सीताबर्डीवरून नवा ॲडॅप्टर आणला. यात एक गोष्ट जपायची. व्होल्ट जुन्याइतकेच हवेत, आमचे १२. अँपिअर जुन्याइतके किंवा जास्त चालतात, कमी नाही. आणि पिन मापाची व त्याच ध्रुवाची हवी. राउटर खाली आणून भिंतीवर छातीच्या उंचीला, मोकळ्या हवेत, वेगळ्या सॉकेटवर लावला. दुपारचं बंद पडणं थांबलं. अपटाइम तीन दिवस, चार दिवस असा वाढत गेला. मला वाटलं सापडलं. त्या रात्री मामाजींना फोन लावून दिला, आणि दोन मिनिटांत नातीचा चेहरा पुन्हा गोठला. मामाजी काही बोलले नाहीत. मला मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडू आलं, कारण चार दिवस मी त्यांना 'आता झालं, आता झालं' म्हणत होते.

एकाच तक्रारीमागे एकाहून जास्त दोष असू शकतात, हे तेव्हा समजलं. एक काढला म्हणून दुसरा जात नाही.

मग हवेतल्या गर्दीकडे वळले. फोनवर वाय-फाय तपासायचं एक फुकट ॲप उतरवलं. आसपासची सगळी नेटवर्कं, त्यांचा चॅनल आणि सिग्नलची ताकद त्यात दिसते. आमच्या बैठकीत रात्री आठ वाजता १९ नेटवर्कं दिसली. महालात घराला घर लागून आहे, नवल नाही. बहुतेक सगळी ६ नंबरच्या चॅनलवर, आणि आमचंही तिथेच. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ चॅनल आहेत, पण ते तेरा वेगवेगळे रस्ते नव्हेत. दोन शेजारच्या चॅनलमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्झचं आणि एका राउटरचा सिग्नल साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद, त्यामुळे ते एकमेकांवर चढतात. एकमेकांना न लागणारे तीनच, १, ६ आणि ११. मला ३ नंबर रिकामा दिसला म्हणून मी आधी तो निवडला होता. एक रात्र वाईट गेली. १ वाल्यांचा आणि ६ वाल्यांचा, दोघांचाही गोंगाट त्यावर येत होता. आमचा राउटर शिवाय ४० मेगाहर्ट्झ रुंदीवर ठेवलेला होता, म्हणजे दुप्पट जागा अडवून दुप्पट गोंगाट ऐकत होता. रुंदी २० केली, चॅनल १ केला. बैठकीत आणि मधल्या खोलीत फरक लगेच दिसला. मुलाची रात्रीची व्हिडिओ लेक्चरं सुरळीत झाली. मामाजींच्या खोलीत जेमतेम.

पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वापरून पाहिला, तिथे गर्दी कमी असते. पण त्या लहरी जाड भिंतींपुढे लवकर दम सोडतात. मागच्या खोलीत ते नेटवर्क यादीतसुद्धा दिसेना.

आता राहिलं होतं एवढंच की मागच्या खोलीत सिग्नल पोचतच नाही. ॲपमध्ये ताकद उण्या आकड्यात दिसते. शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. बैठकीत उणे ३८, मधल्या खोलीत उणे ५९, मामाजींच्या पलंगावर उणे ७९. व्हिडिओ कॉल नीट चालायला साधारण उणे ६७ तरी हवं. यात १० चा फरक म्हणजे दहावा हिस्सा, हे ध्यानात ठेवायचं. उणे ७९ हे ६७ च्या थोडंसं खाली नाही, फारच खाली आहे. पण मला छळत होता तो वेगळा प्रश्न. भिंती तर शंभर वर्षांपासून तिथेच आहेत. राउटरही दोन वर्षांपासून त्याच कोपऱ्यात. मार्चपर्यंत हेच कॉल नीट चालत होते. मग एप्रिलमध्ये काय बदललं?

२४ मे. दुसऱ्या दिवशी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, लागणार, म्हणून मामाजींच्या कूलरच्या ताट्या बदलायला काढल्या. त्यांना वुडवूलच्या आवडत नाहीत, वाळ्याच्याच लागतात, ओल्या झाल्या की खोलीभर वास सुटतो. मुलानं आणि मी कूलर स्टँडवरून खाली घेतला, चौकात नळाखाली धुवायला ठेवला, टाकीतला गाळ काढला. इतक्यात नणंदेचा फोन आला. रविवार होता, दुपारीच केला तिनं. मामाजींनी पलंगावर बसूनच घेतला. मी चौकातून पाहत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मामाजी हसताहेत, विचारताहेत, मधेच "पडला का दात? दाखव!" म्हणताहेत. चित्र एकदाही अडलं नाही.

हातातला ब्रश टाकून मी फोन घेऊन आत गेले. पलंगावर उणे ६६.

कूलर. त्यांच्या खोलीची एकुलती एक खिडकी, आणि तिच्यात पत्र्याचा डबा बसवलेला, उरलेल्या फटींना प्लायवूड. वाय-फाय इतकी वर्षं भिंतींतून येतच नव्हतं. ते बैठकीच्या खिडकीतून चौकात पडत होतं आणि चौकातून या खिडकीनं आत शिरत होतं. आम्ही ती वाटच बुजवली होती. लोखंडी पत्रा या लहरींना परतवतो. ओल्या ताट्या आणि टाकीतलं पाणी उरलंसुरलं शोषतात. पाणी या लहरी शोषतं म्हणूनच तर त्याच पट्ट्यातल्या २.४५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या मायक्रोवेव्हमध्ये अन्न गरम होतं. खात्री करायची म्हणून धुतलेला कूलर कोरडाच बसवला, उणे ७६. टाकी भरून पंप सुरू केला, ताट्या भिजल्या, उणे ७९. वहीत तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. मग घरखर्चाची फाइल काढली. मामाजींना एप्रिलच्या सुरुवातीला गार वारा सोसत नाही, म्हणून त्यांचा कूलर घरात सगळ्यांत शेवटी लागतो. त्यासाठी आणलेल्या टिल्लू पंपाचं बिल १६ एप्रिलचं होतं.

आता नागपुरात नवतप्यात एक्याऐंशी वर्षांच्या माणसाचा कूलर काढायचा, हा विचारसुद्धा कोणी करणार नाही. खिडकी दुसरी नाही. दुकानदारानं रिपीटर घे म्हटलं होतं. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच पुढे बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय त्याला ठेवायचं कुठे, दोन्ही बाजूंना जाड भिंतच. मला तार ओढणं पटलं. मामाजींना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. "तार टाकली की काही प्रश्नच नाही राहत."

जुन्या कनेक्शनचा एक राउटर माळ्यावर पडून होता. तो मागच्या खोलीत वापरायचा ठरवला. हे करताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि त्यातल्या पहिल्या दोन तार जोडायच्या आधी कराव्या लागतात. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, नाहीतर दोन यंत्रांचा एकच पत्ता होऊन भांडण होतं. त्याचं डीएचसीपी बंद केलं. घरातल्या फोनांना पत्ते वाटायचं काम एकाच राउटरनं करायचं असतं. आणि तार त्याच्या 'वॅन' म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या भोकात न लावता 'लॅन' म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या भोकात लावली. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड बैठकीतल्यासारखेच ठेवले, म्हणजे फोन खोली बदलली की आपोआप जवळचा सिग्नल पकडतो. चॅनल मात्र वेगळा, ११.

केबल २० मीटर कॅट-सिक्स आणली. निव्वळ तांब्याचीच मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, पण ती वाकवली की तुटते. बैठकीच्या खिडकीच्या चौकटीतून चौकात काढली, पन्हाळीखालून भिंतीच्या कडेनं नेली आणि मामाजींच्या दाराच्या वरच्या भोकातून आत घेतली. विजेच्या तारांपासून हातभर लांब ठेवली. टोकं आम्हीच दाबली. आठ बारीक तारांचा क्रम पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच. मामाजींनी भिंग घेऊन पलंगावर बसून तारा जुळवल्या. हात थरथरतात, पण एक तार इकडची तिकडे झाली नाही. मुलानं कात्री चालवली. पहिल्यांदा जोडल्यावर नेट आलं, पण तारेवरचा वेग १००० एमबीपीएसऐवजी १०० दाखवत होता. मामाजी म्हणाले, "एखादी तार पोचली नसन." खरंच, आठवी, तपकिरी, टोकापर्यंत गेली नव्हती. शंभरला चार तारा पुरतात, हजारला आठही लागतात. ते टोक कापून पुन्हा दाबलं. १००० आलं.

पलंगावर उणे ४३. राउटरला पिंग २, ३, २, ४. कूलर फुल, पंप चालू.

रात्री आठला फोन आला. मी मुद्दाम आत गेले नाही, स्वयंपाकघरात पोळ्या लाटत राहिले. चाळीस मिनिटं मामाजींचा आवाज येत होता. मग त्यांनी मला हाक मारून बोलावलं. पडलेला दात डबीत ठेवलाय आणि आजोबांना दाखवायला ती दिवाळीला घेऊन येणार आहे, हे त्यांनी मला सांगितलं. एकही शब्द विचारावा लागला नव्हता त्यांना.

पन्हाळीखालच्या केबलला उन्हाचा धोका नाही, पण पावसाचा आहे. मृग लागायच्या आधी ती पीव्हीसी पाइपात टाकायची आहे. पाइप आणून ठेवलाय. क्लिपा कुठे ठोकायच्या, त्याच्या खुणा मामाजींनी खडूनं भिंतीवर करून ठेवल्यात.